लो कार्बन एनर्जीत मास्टर्स: परळीच्या पोरानं करावं का?

थर्मलचा_पोरगा | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी परळी तालुक्यातला. वडील थर्मलला, म्हणजे परळीच्या औष्णिक वीज केंद्रात होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. नांदेडहून मेकॅनिकल केलं. गेली दोन वर्षं धाराशिव जिल्ह्यात एका सोलर ठेकेदाराकडं साइट इंजिनिअर आहे. पगार २२ हजार. काम म्हणजे खड्डे मोजायचे, स्ट्रक्चर उभं करून घ्यायचं आणि पॅनल उतरवताना फुटलं तर ते कुणाच्या पगारातून कापायचं यावर भांडायचं. इंजिनिअरिंग म्हणावं असं त्यात फार काही नाही.

म्हणून पुढं शिकायचं डोक्यात आहे. कमी कार्बनच्या ऊर्जा तंत्रज्ञानात मास्टर्स. तीन वाटा दिसतात. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी. इंग्लंडचा एक वर्षाचा कोर्स, जो फी आणि राहणं धरून चाळीस लाखांच्या पुढं जातोय. किंवा जर्मनी. घरी चार एकर आहे. आई म्हणते जमिनीला हात लावायचा नाही. वडील म्हणतात, राखेत माझी जिंदगी गेली, तू बाहेर पड.

प्रश्न असा: या कोर्समध्ये नेमकं शिकवतात काय? आणि शिकून आलो तर मराठवाड्यात त्याचं काही होतं का, का पुण्या-मुंबईतच बसायचं?

उदगीरकर | रविवार, रात्री १०:३१

पहिला!

आधी लातूरला कुणीतरी 'लो कार्बन पॅटर्न' काढू द्या. दोन वर्षं इंटिग्रेटेड, हॉस्टेलसह, पहाटे पाचला टेस्ट. मग ॲडमिशन घ्या.

(हलकेच घ्या. धाग्याला शुभेच्छा.)

जुना_वायरमन | रविवार, रात्री ११:०५

पोरा, तुझे वडील थर्मलला होते म्हणजे २०१३ चा फेब्रुवारी तुमच्या घरात विसरला गेला नसंल. पाणी नाही म्हणून सगळे संच बंद. ११३० मेगावॉटचं केंद्र, कोळसा यार्डात पडलेला आणि चिमणी थंड. मी तेव्हा अंबाजोगाईकडं लाइनवर होतो. लोक म्हणायचे, कोळसा संपला का काय? म्हणलं, कोळसा रेल्वेनं येतो, पाणी कुठून आणता? तर तीन वर्षांनी लातूरला पाणीसुद्धा रेल्वेनंच आलं. एप्रिल २०१६, मिरजेहून. पहिल्या गाडीत दहा डबे, पाच लाख लिटर.

आता गणित बघ. डिसेंबर २०१५ ला सरकारनं नियम केला की जुन्या थर्मलनं एका मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटरच्या वर पाणी वापरायचं नाही. म्हणजे नियम पाळून २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालवला तरी तासाला सव्वासात लाख लिटरच्या वर पाणी. ती अख्खी गाडी त्या एका संचाला पाऊण तास पुरली नसती.

मला कार्बन-बिर्बन फार कळत नाही. पण आपल्याकडं सोलर आणि पवनचक्की चांगली का, तर त्यांना कूलिंग टॉवर लागत नाही. हे ज्या कॉलेजात पहिल्या दिवशी सांगतील तिथं जा.

सहीशिक्का | सोमवार, सकाळी ८:५०

बँकेत आहे म्हणून एक कोरडी गोष्ट सांगतो. तुमच्या घरात जमीन गहाण टाकायची की नाही यावर भांडण चालू आहे, पण शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेतच नाहीत. घर, एनए प्लॉट, मुदत ठेव असलं काहीतरी लागतं. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय होऊ शकतं, त्यावर तारण. काही नामांकित विद्यापीठांसाठी वेगळ्या योजना असतात, त्या शाखेत जाऊन विचारा.

म्हणजे शिक्षणासाठी जमीन कामी यायची तर ती विकावीच लागेल. आईंना सांगा, त्यांचा अर्धा विजय झालाय.

थर्मलचा_पोरगा | सोमवार, सकाळी ९:१०

@सहीशिक्का, दोन महिने घरात यावरून जेवणं गार झालीत. हे कुणालाच माहीत नव्हतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "देवालाच काळजी."

@जुना_वायरमन काका, २०१३ ला मी सहावीत होतो. चिमणीला धूर दिसत नाही म्हणून आम्हा पोरांना सुट्टी लागल्यासारखं वाटायचं. वडील मात्र रोज ड्यूटीला जायचे आणि बंद मशीनपाशी बसून यायचे.

माळवद | सोमवार, दुपारी १:२०

मी औशाकडची. २०२२-२३ ला नॉटिंगहॅमला याच विषयात एमएस्सी केली, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते. लांबेल.

वर्गात सौर, वारा, बायोमास, इंधनघट (फ्युएल सेल), साठवण हे सगळं असतंच. शिवाय ऊर्जेचं अर्थशास्त्र असतं: प्रकल्पाच्या आयुष्यभराचा खर्च आयुष्यभराच्या युनिटांनी भागून युनिट कितीला पडलं ते काढायचं. मग व्याजदर दोन टक्क्यांनी हलवायचा आणि सगळं चित्र पालटताना बघायचं. सोलरला इंधन फुकट असतं, त्यामुळं जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी आणि तोही कर्जानं. व्याज हेच त्याचं इंधन, हे मला तिथं कळलं.

पण एक गोष्ट ॲडमिशन घेताना कुणी सांगत नाही. तिथल्या अभ्यासक्रमाचा अर्धा जीव घरं उबदार ठेवण्यात अडकलेला असतो. गॅसचे बॉयलर काढून हीट पंप कसे बसवायचे, जुन्या विटांच्या भिंतींना आतून का बाहेरून अस्तर लावायचं. पहिले दोन महिने मी चिडूनच होते. म्हणलं, आमच्या गावात मे महिन्यात रात्री दोनला स्लॅब तापलेला असतो, मला थंडीचं काय सांगता!

मग उशिरा डोक्यात प्रकाश पडला. हीट पंप म्हणजे उलटा लावलेला एसीच. एक युनिट विजेवर तीन युनिट उष्णता इकडून तिकडे. भिंतीतून उष्णता किती वेळानं आत येते याचं गणित दोन्हीकडं सारखंच. मी प्रबंधाला आमच्या आजीचं घर घेतलं. जाड मातीचं माळवद, खाली लाकडी सरे, दोन-दोन हात रुंदीच्या भिंती. संगणकावर ते घर आणि शेजारी चुलत्यांचा नवा स्लॅब, दोन्ही एकाच हवामानात ठेवले. स्लॅबची उष्णता नेमकी माणसं झोपायला येतात तेव्हा खोलीत उतरते. माळवदाची उतरते ती फार उशिरा आणि बोथट होऊन. आजीला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्यासाठी इलायतेला गेलतीस?"

अवांतर: आमच्या हॉस्टेलमागच्या टेकाडावरून रॅटक्लिफच्या थर्मलचे आठ कूलिंग टॉवर दिसायचे. ३० सप्टेंबर २०२४ ला ते केंद्र बंद झालं. इंग्लंडची कोळशावरची शेवटची वीज तिथं थांबली. परळीच्या पोराला हे सांगावंसं वाटलं.

फेज_न्यूट्रल | सोमवार, दुपारी २:०२

माळवद यांचा प्रतिसाद आवडला, पण धागाकर्त्याला माझा सल्ला उलटा आहे. 'लो कार्बन', 'सस्टेनेबल', 'ग्रीन' असली विशेषणं लावलेल्या पदव्या घेऊ नका. विशेषण दहा वर्षांत जुनं होतं. इलेक्ट्रिकल पॉवर सिस्टिम्स घ्या.

का, ते सांगतो. पॅनल आता बाजारात मिळणारी वस्तू झालीय. ते बसवायला मास्टर्स लागत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. अडतं ते ग्रीडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर. दुपारी बाराला वीज उतू जाते आणि संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे-पंखे लागतात तेव्हा, सूर्य मावळलेला. थर्मलचं टर्बाइन शेकडो टनांचं फिरतं लोखंड असतं. ग्रीडला धक्का बसला की ते क्षणभर सांभाळून घेतं. सोलरच्या इन्व्हर्टरमध्ये असं फिरतं काहीच नाही, तो धक्का सॉफ्टवेअरनं सांभाळावा लागतो. नोकऱ्या इथं आहेत.

आणि साठवण काही नवीन नाही. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा उलटा चालणारा संच १९८४ पासून आहे. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर, कमी असेल तेव्हा खाली.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी २:४०

पैठणचाच आहे. संच आहे हे खरं. वर चढवायला पाणी आहे का, हा स्वतंत्र धागा.

जायकवाडीवर तरंगते सोलर पॅनल टाकायचंही मध्ये जोरात होतं. पाणीच झाकलं की बाष्पीभवन कमी, जमीनही लागत नाही, कागदावर सोन्यासारखं. पण ते पक्षी अभयारण्य आहे आणि काठावरची शेकडो घरं मासेमारीवर जगतात. लोक कोर्टात गेले. तुमच्या मास्टर्समध्ये जाळं कुठं टाकायचं हा पेपर असतो का?

माळवद | सोमवार, दुपारी ३:१५

@गोदाकाठ, एक पेपर होता. ऐच्छिक. बारा जण होतो.

@फेज_न्यूट्रल, मेकॅनिकलच्या पोराला थेट पॉवर सिस्टिम्सला प्रवेश कोण देतो? आणि 'विशेषण जुनं होतं' हे एकविसाव्या शतकात 'कोळसा' या शब्दाबद्दलही खरं आहे.

फेज_न्यूट्रल | सोमवार, दुपारी ३:२१

प्रवेशाचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

वारा_मोजणारा | सोमवार, संध्याकाळी ६:३०

बालाघाटावर पवनचक्क्यांसाठी वारा मोजायचं काम करतो. उंच डांब उभा करायचा, वर्षभर नोंदी घ्यायच्या. कारण वाऱ्याचा वेग सेकंदाला पाचाचा सहा मीटर झाला तर त्यातली ऊर्जा वीस टक्के वाढत नाही, त्र्याहत्तर टक्के वाढते. वेगाचा घन. त्यामुळं शेजारच्या दोन टेकड्यांत एक लक्ष्मी आणि एक कटकट असू शकते.

नोकरीचं विचारलंत म्हणून: दुसऱ्या दिवशीची वीज आदल्या दिवशी सांगावी लागते, पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून. अंदाज फार चुकला की दंड. हे काम करणारी माणसं कमी आहेत. हवामान, संख्याशास्त्र आणि पायथन येणारा मेकॅनिकलवाला तिथं चालतो. बसायला मात्र पुणं किंवा बेंगळुरू. डांबावर चढायला मराठवाडा.

लग्नाचं आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायोडाटात 'विंड रिसोर्स असेसमेंट' लिहिलं होतं. मुलीच्या मामांनी विचारलं, "पोरगं करतं काय?" आमचे काका म्हणाले, "वारा मोजतं." बैठक तिथंच संपली.

उदगीरकर | सोमवार, संध्याकाळी ६:४४

मामांनी हुंडा ९६ तुकड्यांत द्यायचं ठरवलं असणार.

कोरडवाहू | सोमवार, रात्री ८:१०

शेतकरी आहे, शिक्षण बारावी. सोलर पंप घेऊन दीड वर्ष झालं. दहा टक्के भरले, साडेसातचा पंप आला. आधी रात्रीच्या पाळीला थ्री फेज यायची तेव्हा बॅटरी तोंडात धरून दारं धरायला जायचो. दोनदा पायाखाली साप आला. आता दिवसा पाणी देतो. हे सुख पुस्तकात मोजता येणार नाही.

पण खरं सांगायचं तर ऊन फुकट म्हणून आम्ही दिवसभर पंप बंदच करीत नाही. शेजारी पण करीत नाही. त्याचा पण सोलर आहे. बोअर आधी तीनशे फूट होतं, त्यानं साडेपाचशे घेतलं, मग मी पण घेतलं. आधी लाइट जायची म्हणून तरी जमिनीत पाणी राहायचं. आता सूर्य काही लोडशेडिंग करत नाही.

शिकलेल्या लोकांनी याच्यावर काही शोधलंय का?

थर्मलचा_पोरगा | सोमवार, रात्री ८:३५

@कोरडवाहू दादा, असले पंप मी चाळीसेक बसवले असतील. कार्यक्रम करून, नारळ फोडून निघून येतो. पुढं बोअरचं काय झालं हे बघायला परत कधी गेलो नाही.

जालन्याची_सळई | सोमवार, रात्री ९:२०

सगळेच सोलर आणि पवनचक्कीवर बोलायलेत, म्हणून लोखंडाचा आवाज. जालन्यात स्टीलच्या युनिटला आहे. इंडक्शन भट्टीत एक टन वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. आमचं विजेचं बिल बघितलं तर तुमच्या सोलर ठेकेदाराला झोप येणार नाही.

युरोपनं बाहेरून येणाऱ्या लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतांवर कार्बनचा हिशोब मागायला ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केली आणि २०२६ पासून त्याला पैशाची बाजू लागली. आमची सळई युरोपात जात नाही, इथल्याच स्लॅबात जाते. पण त्या यादीत स्क्रू-बोल्टही आहेत. एका टनामागं किती कार्बन पडला हे कागदावर मांडता येणारं माणूस जालना-वाळूज पट्ट्यात शोधून सापडत नाही. सीएला वीज कळत नाही, इंजिनिअरला हिशोब कळत नाही.

दुसरं, चाळीस लाख घालायच्या आधी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा बघा. अनुभवाची अट आहे, फी किरकोळ. पदवी नाही, पण कारखान्याच्या फाटकाच्या आत घेतात. शिवाय जालन्यात मुंबईच्या आयसीटीचा (रसायन तंत्रज्ञान संस्थेचा) कॅम्पसही आहे, केमिकलकडं वळायचं असेल तर.

तुराटी | सोमवार, रात्री १०:०२

बायोमासवर कुणीच नाही? आमच्याकडं पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर जाळतात. थर्मलमध्ये कोळशाबरोबर बायोमासच्या गोळ्या जाळायची सक्ती आहे. म्हणजे परळीच्या भट्टीत परळीचीच पऱ्हाटी. पण गोळा करून, दळून, दाबून, ट्रॅक्टरनं नेईपर्यंत डिझेलच इतकं जातं की विचारू नका. तांत्रिक प्रश्न सोपा, गोळा करायचा अवघड. यावर कुणी प्रबंध केला तर मी माझ्या सहा एकरांतल्या पऱ्हाट्या फुकट देतो. मजूर तुमचा.

ऊसतोड_विरोधक | सोमवार, रात्री १०:४०

बायोमास म्हणलं की साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) वीज आणि इथेनॉल आलंच. एक किलो साखरेमागं दीड-दोन हजार लिटर पाणी आणि त्याला हरित इंधन म्हणायचं? लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा शेजारच्या शिवारात ऊस डुलत होता. त्यापेक्षा हायड्रोजन बरा. एका किलोला रासायनिक हिशोबानं नऊ लिटर पाणी.

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०:५२

ऊस नाही लावायचा तर काय लावायचं ते पण सांगा. सोयाबीनचा भाव बघितला का? उसाचे पैसे ठरलेले असतात. एसीत बसून लिहायला सोपं आहे. आणि नऊ लिटरचं म्हणाल तर पाणी शुद्ध करताना जातं ते आणि थंड करायला लागतं ते वेगळंच. शिवाय किलोला पन्नासच्या वर युनिट.

ऊसतोड_विरोधक | सोमवार, रात्री १०:५५

एसी नाही, कूलर आहे. त्यालाही पाणी नाही.

संपादक_मंडळ | सोमवार, रात्री ११:१०

ऊस या विषयावर आधीच अकरा धागे आहेत. कृपया तिकडं. इथं शिक्षणाबद्दल बोलू या.

पवईचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी ७:४५

आयआयटी मुंबईच्या एनर्जी सायन्स अँड इंजिनिअरिंग विभागात एमटेक करतोय. मूळ गाव जिंतूर. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल सगळ्यांना घेतात, त्यामुळं माळवद यांनी काढलेली प्रवेशाची अडचण इथं येत नाही. पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिकलवाले सर्किटनं रडतात आणि इलेक्ट्रिकलवाले थर्मोनं.

गेटमधून आलात आणि असिस्टंटशिप मिळाली तर महिन्याला १२,४०० मिळतात. मुंबईत चैन होत नाही, पण घरून मागावं लागत नाही. २०२६ पासून गेटच्या इंजिनिअरिंग सायन्सेस पेपरात ऊर्जाविज्ञान हा भागही आलाय. मी मेकॅनिकलचाच पेपर दिला होता.

इथं २०१० पासून फोटोव्होल्टाइक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांनी देशभर फिरून बसवलेली पॅनल तपासली. उष्ण भागातली लवकर म्हातारी होतात, असं दिसलं. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजून छापतात. आपल्याकडं मे महिन्यात पॅनल स्वतः ६५ अंशांवर असतं. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरा, म्हणजे चौदा टक्के तिथंच गेले. ऊन जास्त म्हणून वीज जास्त, हे आपल्या गावी पूर्ण खरं नाही. थंड आणि स्वच्छ उन्हाचा जानेवारी कधीकधी मे महिन्याला टक्कर देतो.

साइटवरची दोन वर्षं वाया गेली असं समजू नका. आमच्या वर्गात पॅनलला हात लावलेले तिघंच होते.

जुना_वायरमन | मंगळवार, सकाळी ८:०५

हे बरोबर आहे. माणूस काय न् पॅनल काय, मे महिन्यात दोघं कामचुकार.

उत्तर_समुद्र | मंगळवार, दुपारी ४:३०

वसमतचा, सध्या जर्मनीत. ओल्डनबुर्गचा अक्षय ऊर्जेचा अभ्यासक्रम १९८७ पासून चालू आहे आणि सुरुवातीपासून आपल्यासारख्या देशांतली मुलं त्यात असतात. त्यामुळं 'गावात ग्रीड नाही, आता काय' असले प्रश्न तिथं परके वाटत नाहीत.

पैशाचं: बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४-२५ पासून फी लावली. व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंट लागतं. माझ्या वेळी ११,९०४ युरो होते, जाण्याआधी ताजा आकडा बघा. ते पैसे खर्च नाहीत, दरमहा तुम्हालाच परत मिळतात, पण आधी दाखवायला तर हवेत. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (कागदपत्रं तपासून मिळणारं) सक्तीचं आहे. त्याला वेळ लागतो, आधी अर्ज करा. डाड या जर्मन संस्थेची एक शिष्यवृत्ती कामाचा अनुभव असलेल्यांसाठी असते, तुमची दोन वर्षं इथं उपयोगी पडतील. इंग्लंडचंच नक्की असेल तर चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती बघा. त्यालाही २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. तुम्हाला परतायचंच आहे, म्हणजे अट नाही, सोय आहे.

इंग्लंडला स्वखर्चानं जाणार असाल तर हेही धरा की शिक्षणानंतर राहायची मुभा २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोनऐवजी दीड वर्षच आहे. चाळीस लाख फेडायला दीड वर्ष पुरत नाही.

एजंट लावू नका. माझ्याकडून एका कन्सल्टन्सीनं साठ हजार घेतले आणि ज्या विद्यापीठांत अर्जच फुकट असतो तिथले अर्ज भरून दिले. त्यातही माझं आडनाव चुकवलं.

आनंदीबाईंची_नात | मंगळवार, संध्याकाळी ७:००

सगळे कोर्सचं सांगतायत. मी आईच्या बाजूनं विचारते. माझा मुलगा असाच 'दोन वर्षं' म्हणून गेला, आता नऊ झाली. पैसे पाठवतो, घराला सोलर पण त्यानंच बसवून दिलं. ते बिघडलं की मी शेजारच्या पोराला बोलावते.

तुम्ही परत येणार म्हणता, पण परत येऊन करणार काय, हे जाण्याआधी ठरवलंय का? नाहीतर 'तिथं संधी नाही' हे वाक्य तयारच असतं.

माळवद | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

आनंदीबाईंची_नात, तुमचा प्रतिसाद टोचला. मी परत आले, पण पुण्यात. औशाला महिन्यातून एकदा.

धागाकर्त्याला एकच सुचवते. देश आणि विद्यापीठ नंतर. अर्जात 'उद्देश' लिहायचा असतो. नव्वद टक्के लोक 'लहानपणापासून पर्यावरणाची आवड' लिहितात, मीही लिहिलं होतं. तुमच्याकडं कोरडवाहू दादांचा प्रश्न आहे. पंप फुकट चालतो म्हणून पाणी संपतं, तर काय करायचं? प्रत्येक शेतात वेगळा पंप द्यायचा, की अख्खा फीडरच, म्हणजे बऱ्याच पंपांना वीज नेणारी लाइन, सोलरवर घेऊन तास ठरवायचे? उरलेली वीज शेतकऱ्याकडून विकत घेतली तर तो पंप बंद ठेवेल का? यात मेकॅनिकल आहे, ग्रीड आहे, अर्थशास्त्र आहे. आणि उत्तर काढायला परळीलाच यावं लागेल.

फेज_न्यूट्रल | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

+१. फीडरचा पर्यायच खरा. आणि तो पॉवर सिस्टिम्सचा विषय आहे, एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

कोरडवाहू | मंगळवार, रात्री ८:२०

विकत घेतली तर भाव किती देणार त्यावर आहे. कांद्यासारखं करू नका म्हणजे झालं.

थर्मलचा_पोरगा | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. वडिलांना मोबाइलवर वाचून दाखवले. रॅटक्लिफचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "तिथल्या कामगारांचं पुढं काय केलं?" मला सांगता आलं नाही.

सध्या ठरलंय ते असं. इंग्लंड स्वखर्चानं नाही. जमीन आहे तिथंच राहील. पुढच्या गेटचा अर्ज भरणार, मेकॅनिकलचाच. डाडचे कागद गोळा करायला लागतो, नांदेडला जाऊन मार्कमेमो काढायचेत. आणि मी बसवलेल्या चाळीस पंपांची यादी ठेकेदाराकडून मागून घेतलीय. रविवारी एकेका बोअरवर जाऊन पाणी किती फुटांवर गेलं ते लिहून ठेवतो. पेट्रोल माझंच.

जुना_वायरमन | बुधवार, रात्री ९:४२

रविवारी निघायच्या आधी मला फोन कर. फीडरचे रीडिंग कुणाकडं असतात ते माहीत आहे. वही आण, मोबाइलची रेंज नसते तिकडं.

कोरडवाहू | बुधवार, रात्री १०:०५

मास्टर्सचं होईल तेव्हा होईल. माझ्या पंपाचा कंट्रोलर परवापासून लाल दिवा दाखवतोय आणि मोटार दोन मिनिटांत बंद पडते. कंपनीवाला फोन उचलीत नाही. काय असंल?

थर्मलचा_पोरगा | बुधवार, रात्री १०:१८

स्क्रीनचा फोटो टाका दादा. पण तुम्ही सांगताय त्यावरून ड्राय रन वाटतंय. मोटार चांगली आहे, बोअरमध्ये पाणी नाही.

कोरडवाहू | बुधवार, रात्री १०:२१

ते वाटलंच होतं. म्हणलं, दुसरं काही निघतंय का बघावं. रविवारी पहिलं माझ्याकडंच ये.